ताटापासून तोंडापर्यंत : चमच्याचा एक पाठ



परिसर अभ्यास शिकवताना आपण मुलांना अन्न कुठून येतं, कसं शिजतं, त्यात कोणते घटक असतात हे सगळं सांगतो. पण ताटातलं अन्न तोंडापर्यंत कसं जातं, हा प्रश्न कुणी विचारतं का? 'त्यात काय विचारायचं, हातानं नाहीतर चमच्यानं,' असं कुणीही म्हणेल. आजचा पाठ नेमका त्या 'त्यात काय' वर आहे.

शालेय पोषण आहाराच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. आपण ते मोजतो, नोंदवहीत लिहितो. पण ही मोजणी ताटापर्यंत येऊन थांबते. ताटातलं किती पोटात गेलं, हे पुष्कळदा मुलाच्या हातातल्या साधनावर ठरतं. म्हणून हा विषय दिसतो तेवढा हलका नाही. वाचता वाचता तुमच्या लक्षात येईलच.

हा पाठ तिसरी ते पाचवीला घेता येतो. परिसर अभ्यास, भाषा, गणित आणि कार्यानुभव या चारही विषयांशी त्याचा मेळ बसतो. साहित्य घरातलंच लागतं.

१. आधी आपलं घर पाहू

मुलांना पहिला प्रश्न विचारा, 'तुमच्या घरात जेवायला आणि वाढायला काय काय वापरतात?' फळ्यावर यादी करा. आमच्या शिवाजी पेठेतल्या मुलांनी सांगितलेली यादी अशी होती : हात, चमचा, वाटी, पळी, डाव, झारा, ओगराळं, उलथनं, चिमटा, सांडशी, विळी. एकानं 'भाकरी' असं सांगितलं आणि वर्ग हसला. पण त्याचंच उत्तर सगळ्यांत भारी होतं.

विचार करा. भाकरीचा तुकडा मोडायचा, अंगठ्यानं त्याला जरा खोलगट आकार द्यायचा, त्यात पिठलं नाहीतर झुणका उचलायचा आणि पिठल्यासकट तो तुकडाही खाऊन टाकायचा. हा चमचा रोज ताजा मिळतो, धुवावा लागत नाही आणि टाकूनही द्यावा लागत नाही. रस्सा मात्र त्यात मावत नाही, म्हणून तांबडा-पांढरा वाटीनंच तोंडाला लावायचा. म्हणजे कोल्हापूरच्या एकाच ताटात तीन साधनं आहेत : घट्ट पदार्थाला भाकरी, पातळाला वाटी आणि भाताला पाच बोटं. पदार्थ बदलला की साधन बदलतं. हा या पाठातला पहिला मुद्दा.

रंकाळ्यावर भेळ खाताना काही भेळवाले पुठ्ठ्याचा तुकडा देतात, तर काही जण कडक पुरीनंच भेळ उचलतात. तोही चमचाच. पत्रावळीसोबतचा द्रोण ही पानाची वाटी. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं बोंडलं आठवा. त्याला चोच असते, कारण बाळाला भांडं ओठांनी नीट धरता येत नाही. उष्टावणाच्या दिवशी काही घरांत सोन्याची अंगठी खिरीत बुडवून बाळाच्या जिभेला लावतात. त्या दिवसापुरती ती अंगठीच चमचा होते.

घरातल्या आजीला विचारून यायला सांगा : 'तुमच्या लहानपणी असलेलं पण आता नसलेलं एक भांडं कोणतं?' मुलं काठवट, चरवी, पितळी, बोंडलं असे शब्द घेऊन येतील. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला कितीतरी घरांत अजून 'जर्मनचं पातेलं' म्हणतात, तेही कळेल. शब्दसंग्रह असा वाढतो.

२. हौसेची साधनं : अडकित्ता आणि चांदीची आगगाडी

साधनानं नुसतं काम करावं, एवढ्यावर माणूस कधीच थांबलेला नाही. ते दिसायलाही वेगळं हवं, पाहुण्यानं बघत राहावं, अशी हौस पूर्वीपासून आहे.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. त्यात अडकित्ते आहेत. सुपारी कातरायचं साधं साधन, पण कारागिरांनी त्याचे मोर केले, पोपट केले, घोडेस्वार केले. जेवण झालं की पानसुपारी व्हायची, तबक फिरायचं आणि अडकित्ता हातोहात जायचा. तिथं गप्पा रंगायच्या. म्हणजे तो जेवणाच्या शेवटाचा एक छोटा खेळच होता.

अडकित्ता शिकवताना विज्ञानही येतं. एका टोकाला खिळ, म्हणजे टेकू. मध्ये सुपारी, म्हणजे भार. दुसऱ्या टोकाला आपला हात, म्हणजे बल. भार मध्ये असलेली ही दुसऱ्या प्रकारची तरफ. चिमट्यात मात्र बल मध्ये लावतो, म्हणून तो तिसऱ्या प्रकारची तरफ. पुढे साधी यंत्रं शिकताना मुलांना हे उपयोगी पडतं.

दुसरं उदाहरण ग्वाल्हेरचं. शिंदे घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं. तिथून निघालेल्या या मराठी घराण्याच्या ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ टाकलेले आहेत आणि त्यावरून चांदीची छोटी आगगाडी धावायची. डब्यांवर शिंदे घराण्याच्या नावाची इंग्रजी अक्षरं आहेत. जेवणानंतर मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन ही गाडी पाहुण्यांसमोरून फिरायची. पाहुण्यानं सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची. माधवराव शिंद्यांच्या काळातली ही हौस. ती गाडी आजही तिथल्या संग्रहालयात बघायला मिळते.

मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण गोष्ट सांगून झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारा, 'पूर्वी वाढपी पंगतीतून फिरायचा. इथं कोण फिरतंय?' उत्तर आलं की पुढचं विचारा, 'मग वाढपी आणि पाहुणा यांच्यातलं काय कमी झालं?' 'आग्रह' हा शब्द मुलांच्या तोंडून येईपर्यंत थांबा. गाडी थांबते खरी, पण 'अजून एक घ्या की' असं म्हणत नाही.

३. चमच्याला चव असते का?

'चमच्याला कसली आलीय चव?' असं वाटेल. पण आपल्या आज्यांना हे पक्कं ठाऊक होतं. पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आंबट पदार्थातलं आम्ल तांब्यावर आणि पितळेवर काम करतं, धातूचा थोडा अंश पदार्थात उतरतो. चव बिघडते आणि पोटालाही त्रास होतो. 'कळकणे' हे क्रियापद मराठीत मुद्दाम त्यासाठी आहे, हे मुलांना सांगा.

त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकून आतला भाग साफ करतो आणि कथलाचा पातळ थर कापसानं फिरवतो. कथील मध्ये आलं की तांबं आणि आंबट पदार्थ यांची गाठ पडत नाही. स्टीलची गोष्टही तशीच आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवेशी संयोग होऊन त्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा आपोआप तयार होतो. म्हणजे स्टीलचा चमचा स्वतःची कल्हई स्वतःच करतो.

हीच गोष्ट लंडनच्या झोई लॉफलिन यांनी प्रयोगानं तपासली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच आकाराच्या चमच्यांवर सात वेगवेगळ्या धातूंचे मुलामे दिले : सोनं, चांदी, तांबं, जस्त, कथील, क्रोमियम आणि स्टेनलेस स्टील. लोकांना ते चमचे नुसते तोंडात धरायला दिले आणि चव विचारली. सोनं आणि क्रोमियम यांची धातूसारखी चव सर्वांत कमी लागली. तांबं आणि जस्त सर्वांत कडू आणि सर्वांत 'धातूसारखे' ठरले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आज्यांचं म्हणणं खरंच निघालं की!

आपल्या जिल्ह्यातलं हुपरी चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथली पैंजणं सगळीकडे जातात. चांदीची एक गंमत मुलांना सांगा. चांदीचा चमचा उकडलेल्या अंड्याला लावला तर काळा पडतो, कारण अंड्यातल्या गंधकाशी चांदीचा संयोग होतो. चांदीचे पैंजण काळे का पडतात, याचं उत्तरही त्यातच आहे.

४. जगात काय प्रयोग चालले आहेत?

ऑक्सफर्ड विद्यापीठात व्हेनेसा हरार आणि चार्ल्स स्पेन्स यांनी २०१३ मध्ये चमच्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. दही तेच, पण चमचा बदलला. हलक्या प्लास्टिकच्या चमच्यानं खाल्लेलं दही लोकांना जास्त दाट वाटलं. तोच चमचा मुद्दाम जड केला तेव्हा कमी दाट वाटलं. चमच्याचा रंग बदलला तरी चवीबद्दलचं मत बदललं. चीज सुरीच्या टोकावरून खाल्लं तेव्हा ते चमच्यापेक्षा खारट लागलं. पदार्थात कणभरही फरक नव्हता. जीभ एकटी चव घेत नाही. डोळे, हात आणि मन मिळून चव ठरवतात, एवढं यावरून कळतं.

मग काही लोकांनी यातून जेवणाचाच प्रयोग केला. इटलीतल्या मारिनेत्ती नावाच्या कवीनं १९३० च्या सुमारास काटा-सुरी हद्दपार करा, असा जाहीरनामाच काढला होता. त्याच्या एका जेवणात उजव्या हातानं खायचं आणि डाव्या हातानं सॅंडपेपर, रेशीम, मखमल यांवरून बोटं फिरवायची, असा बेत होता. आपण हातानं जेवतो म्हणून आपल्याला नावं ठेवणारे साहेब त्या काळात होतेच आणि त्याच काळात त्यांच्याकडचा एक कवी काटा-सुरी टाका म्हणत होता. वर्गात हे सांगायला हरकत नाही.

आजच्या काळात ॲमस्टरडॅमची स्टाइनबायसर नावाची संस्था अशी प्रयोगाची जेवणं घडवते. तिथं कलाकार मुद्दाम अवघड चमचे-काटे बनवतात. कुठं अतिशय लांब दांडा, कुठं झाडाची फांदी, तर कुठं दगड. धरायचं कसं, हेच आधी कळत नाही. हेतू असा की माणसानं भराभर गिळू नये, थांबावं, घासाकडे बघावं. मोबाईलकडे बघत जेवणाऱ्याला ताटाकडे वळवायची ही एक युक्तीच म्हणायची.

जपानमधला प्रयोग मात्र हौसेचा नाही, तब्येतीचा आहे. मेइजी विद्यापीठाचे प्राध्यापक होमेइ मियाशिता आणि किरिन कंपनी यांनी मिळून विजेचा चमचा तयार केला. मे २०२४ मध्ये तो जपानात विक्रीला आला. किंमत १९,८०० येन. त्यातून अगदी सौम्य वीज जाते, पदार्थातले सोडियमचे कण जिभेकडे ओढले जातात आणि मीठ कमी असूनही पदार्थ खारट लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. आपल्याकडे लोणचं, पापड, ठेचा आणि झणझणीत रस्सा एकाच ताटात असतो. तेव्हा घरात कुणाला रक्तदाब असेल तर हा आकडा मुलांनी घरी जाऊन नक्की सांगावा.

(सूचना : हे ऐकून एखादा उत्साही मुलगा चमच्याला सेल जोडून बघेल. तसं करायचं नाही, हे आधीच स्पष्ट सांगा.)

५. खाऊन टाकायचा चमचा

आता आपल्या भाकरीकडे परत येऊ. हैदराबादचे नारायण पीसापाती हे आधी इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या संस्थेत संशोधक होते. भाताला लागणारं पाणी आणि खाली जाणारी भूजल पातळी यांचा त्यांना घोर लागला होता. ज्वारीला पाणी कमी लागतं, पण लोकांनी ज्वारी खाणं कमी केलं. मग ज्वारीची मागणी वाढवायची कशी? त्यांनी ज्वारी, तांदूळ आणि गहू यांच्या पिठाचे चमचे भाजायला सुरुवात केली. २०१० मध्ये कंपनी काढली. जेवण झालं की चमचा खायचा. नाही खाल्ला तर मातीत टाकायचा, तो कुजून जातो.

या कल्पनेची गरज आता जास्त आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. देशभरात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायचे प्लास्टिकचे चमचे, काटे, सुऱ्या, ताटल्या, पेले आणि स्ट्रॉ यांवर बंदी आहे. तरीही वाढदिवस झाला, यात्रा झाली की काय दिसतं, ते मुलांना माहीत आहे. प्लास्टिकचा चमचा आईस्क्रीमपुरता पाच मिनिटं वापरला जातो आणि मग तलावाच्या काठावर वर्षानुवर्षं पडून राहतो.

इथं मुलांना विचारा, 'पिठाचा चमचा हा नवा शोध आहे का?' काही म्हणतील हो, काही म्हणतील आमची भाकरी तीच आहे. दोन्ही बाजूंना बोलू द्या. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं आहे. भाकरीचा घास जुना आहे, पण भाकरी न करणाऱ्या माणसाच्या हातात तो पोचवायची युक्ती नवी आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं. तेव्हा ज्वारीचं मोल सांगायला हे उदाहरण चांगलं आहे.

६. थरथरणाऱ्या हाताचा चमचा

आता या पाठातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग.

वर सांगितलेले अवघड चमचे हौशी माणसं मुद्दाम वापरतात. तासाभरात ती पुन्हा आपल्या साध्या चमच्याकडे येतात. पण काही माणसांसाठी साधा चमचाच रोजचा अवघड असतो. कंपवाताचे आजोबा, लकवा मारलेल्या आजी, स्नायूंवर ताबा नसलेलं मूल. त्यांच्यासाठी रोजचं जेवण म्हणजे न मागता मिळालेला प्रयोग.

अमेरिकेत अनुपम पाठक या अभियंत्यानं कंप असलेल्या हातासाठी 'लिफ्टवेअर' नावाचा चमचा बनवला. त्याच्या मुठीत हालचाल ओळखणारी यंत्रणा आणि छोट्या मोटारी असतात. हात डावीकडे हलला की चमच्याचं टोक उजवीकडे वळतं, त्यामुळे घास बराचसा स्थिर राहतो. २०१४ मध्ये गूगलनं ती कंपनी विकत घेतली. वस्तू उत्तम, पण आपल्या शाळेत ती कुठून येणार?

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. तिच्या हाताची बोटं घट्ट मिटत नाहीत आणि हात हलतो. खिचडीचा चमचा तोंडाशी जाईपर्यंत अर्धा रिकामा व्हायचा. सांडलं की शेजारची पोरं बघायची. मग ती 'भूक नाही बाई' म्हणून ताट बाजूला सारायची. नोंदवहीत तिच्या नावापुढेही ४५० कॅलरीच लिहिलेल्या होत्या.

चमच्याचा पाठ सुरू झाला तेव्हा कार्यानुभवाच्या तासाला मुलांना काम दिलं : धरायला सोपा चमचा बनवा. कुणासाठी, ते सांगितलं नाही. अट एकच होती, स्वतःच्या हातात जाड लोकरीचे मोजे घालून तो वापरून दाखवायचा. मोजे घातल्यावर सगळ्यांचाच चमचा निसटायला लागला. पहिल्यांदा हसू आलं, मग हसू थांबलं.

एका गटानं दांड्याला चिंध्या गुंडाळल्या. मूठ जाड झाली, पण धुतल्यावर दोन दिवस ओली राहिली आणि वास यायला लागला. दुसऱ्या गटानं बांबूची कांडी लावली. ती गुळगुळीत होती, हातातून फिरत होती. तिसऱ्या गटानं सायकलच्या हँडलची नवी रबरी मूठ आणली, आत कापड ठासलं आणि चमचा त्यात घट्ट बसवला. धुवायला सोपी, पकडायला खरखरीत. चौथ्या गटानं चमच्याला हातच लावला नाही. त्यांनी उंच काठाचं ताट निवडलं आणि त्याखाली ओलं फडकं घातलं, म्हणजे ताट सरकत नाही आणि काठाला टेकवून घास चमच्यात घेता येतो.

नंतर सगळ्या वस्तू टेबलावर मांडल्या आणि ज्याला हवी ती वापरा, असं सांगितलं. त्या मुलीनं सगळ्या हातात घेऊन बघितल्या. रबरी मूठ घेतली, उंच काठाचं ताट घेतलं आणि म्हणाली, 'पण ह्याची मान वाकवा, तोंडाकडं येत नाही.' चमच्याची मान जराशी आत वळवली. हा बदल आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. ज्याचा हात, त्यालाच कळतं.

आता सांडत नाही असं नाही. कमी सांडतं. काही दिवशी ती चमचा बाजूला ठेवून हातानंच खाते, तेही चालतं. पण 'भूक नाही' हे मात्र ऐकू येत नाही. खिचडी आवडली तर दुसऱ्यांदा मागून घेते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. त्यात शाळेनं गरजेप्रमाणे सोय करून द्यावी असं आहे. सोय म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर रॅम्प येतो. तो हवाच. पण कधी कधी सोय सायकलच्या मुठीएवढी असते.

इथं एक काळजी घ्या. अशा मुलाला पुढे उभं करून 'हिच्यासाठी बनवूया' असं म्हणू नका. दयेनं दिलेला चमचा कुणालाच आवडत नाही. सर्वांसाठी बनवा, सर्वांना वापरू द्या आणि निवड ज्याची त्याच्यावर सोडा. मूल फार कमी खात असेल, गिळताना ठसका लागत असेल तर मात्र पालकांशी बोलून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तिथं चमचा बदलून भागत नाही.

७. वर्गात घ्यायचे उपक्रम

उपक्रम १ (चव) : एकाच पातेल्यातलं दही तीन प्रकारे खायला द्या. स्टीलचा चमचा, लाकडी चमचा आणि स्वतःचं स्वच्छ धुतलेलं बोट. डोळे बांधायचे. कोणतं जास्त आंबट, कोणतं जास्त दाट, याची नोंद तक्त्यात करा. दह्यासाठी तांब्या-पितळेचा चमचा घेऊ नका. का, ते मुलांनीच सांगायचं.

उपक्रम २ (गणित) : छोटा चमचा ५ मिलीलीटरचा, मोठा १५ मिलीलीटरचा. आधी अंदाज करा, मग मोजा. घरातल्या वाटीत किती छोटे चमचे पाणी मावतं? त्यावरून वाटीचं माप काढा. प्रत्येक घरची वाटी वेगळी निघेल, मग स्तंभालेख काढा.

उपक्रम ३ (विज्ञान) : चकचकीत चमच्याच्या आतल्या बाजूत चेहरा बघा, मग पाठीमागच्या बाजूत बघा. कुठं उलटा दिसतो, कुठं सुलटा? अंतर्वक्र आणि बहिर्वक्र आरशाची ओळख इथंच होते.

उपक्रम ४ (भाषा) : पुढील म्हणी आणि वाक्प्रचारांचा अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. उष्ट्या हाताने कावळा न हाकणे, ताटाखालचं मांजर, हात ओला तर मैतर भला, भरल्या ताटाला लाथ मारणे. 'चमचा' या शब्दाचा दुसरा अर्थ मुलंच सांगतील. माणसाला चमचा का म्हणत असतील, यावर पाच ओळी लिहायला सांगा. फार मजेशीर उत्तरं येतात.

उपक्रम ५ (कार्यानुभव) : पुढीलपैकी एकासाठी साधन तयार करा. (अ) एक हात प्लॅस्टरमध्ये असलेला मुलगा, (आ) हात थरथरणारे आजोबा, (इ) नुकतं जेवायला शिकणारं बाळ. आधी चित्र, मग वस्तू, मग वापरून बघणं, मग दुरुस्ती. गुण पहिल्या वस्तूला देऊ नका, दुरुस्तीला द्या.

८. स्वाध्याय

१. भाकरीला 'खाता येणारा चमचा' का म्हणता येईल? दोन कारणं लिहा.
२. पितळेच्या भांड्याला कल्हई का करतात?
३. ग्वाल्हेरच्या चांदीच्या गाडीनं कोणतं काम सोपं केलं आणि पंगतीतली कोणती गोष्ट तिला जमली नाही?
४. हातानं जेवणं आणि चमच्यानं जेवणं यांपैकी चांगलं कोणतं? 'ते कशावर अवलंबून आहे' या शब्दांनी उत्तराची सुरुवात करा.
५. तुमच्या घरात कुणाला जेवताना अडचण येते का? त्यांना काय हवं आहे, ते त्यांनाच विचारून लिहा.

चौथ्या प्रश्नाबद्दल थोडं. हातानं जेवणाऱ्या मुलाला गावंढळ म्हणणारे जसे भेटतात, तसे चमचा मागणाऱ्या मुलाला 'फार साहेब झालास' म्हणणारेही भेटतात. दोन्ही वाक्यं मुलाच्या घासात खडा टाकतात. स्वच्छ हात, पुरेसा वेळ आणि पोटभर अन्न एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या की साधन कोणतं, हा वाद उरत नाही.

पाचवा प्रश्न तपासताना घाई करू नका. आमच्या वर्गातल्या एकानं लिहून आणलं होतं, 'आजोबांना चमचा नको आहे, वाटी जड पाहिजे, म्हणजे ती पळत नाही.' उद्या पोषण आहार वाढताना तुम्हीही पाच मिनिटं नुसते उभे राहून बघा. कुणाच्या ताटात रोज उरतं आणि का उरतं? चवीमुळे उरत असेल तर स्वयंपाकाच्या मावशींशी बोला. साधनामुळे उरत असेल तर वर्गाशी बोला. मुलं काय बनवून आणतात, ते आम्हालाही जरूर कळवा.